चव्वेचाळीस सालचा चाकू

"आज चाकूंबद्दल एक अक्षर बोलायचं नाही," असं प्रमोदिनीने उल्हासला सकाळच्या चहाबरोबर बजावलं होतं, तो आंघोळीला निघाला तेव्हा बजावलं होतं, आणि आता तो ड्राइव्हवेवरची मेपलची पानं गोळा करून घरात शिरला, तर बूट काढायच्या आत पुन्हा बजावलं.

"त्यांनी विचारलं तर?" उल्हास म्हणाला.

"कशाला विचारतील? मुलांच्या लग्नाचं ठरवायला येताहेत, तुमचे चाकू बघायला नाही."

"पण विचारलं तर?"

"तर म्हणायचं, आहे आपला थोडासा छंद. आणि वडाभात वाढायचा."

उल्हासने मान हलवली. ती मान 'बरं' म्हणणारी नव्हती, 'नोंद घेतली' म्हणणारी होती. कॅनडातल्या केंब्रिजच्या मोटारींच्या कारखान्यात तो क्वालिटीत होता. रंग दिलेल्या दारावरचा केसाएवढा ओरखडा हुडकून अख्खी लाइन थांबवायची, याचा त्याला पगार मिळे. घरी आला की तेच काम तो फुकट करी. ही सवय कारखान्याने लावली असंही म्हणता येत नव्हतं. दादरला असताना, त्याची बहीण सुहासिनी हिला बघायला पाहुणे आले होते, आणि आईने तिचं वय दोन वर्षांनी कमी सांगितलं होतं. दहावीतल्या उल्हासने पाहुण्यांसमोर ती वजाबाकी दुरुस्त करून दिली. ते स्थळ गेलं. सुहासिनी पुढे वर्षभर भावाशी बोलली नाही, आणि वर्षभर ती आपल्याशी का बोलत नाही हे उल्हासला कळलं नाही.

चाकूंचा नाद त्याला कॅनडातल्या पहिल्याच हिवाळ्यात लागला. शेजारच्या म्हाताऱ्याने घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यात एक गंजका अमेरिकन घडीचा चाकू होता. खिशात मावेल असा, हाडाच्या मुठीचा. पात्याच्या बुडाशी बनवणाऱ्याच्या नावाचा ठसा होता, पण अर्धी अक्षरं झिजलेली. दुसरा कोणी असता तर सफरचंद कापून मोकळा झाला असता. उल्हास उरलेली अर्धी अक्षरं शोधायला लायब्ररीत गेला, आणि तिथून तो जो गेला तो गेलाच. आता बेसमेंटमध्ये कपाटभर चाकू होते. खरं तर चाकू हे निमित्त. त्याला माणसं हवी असत, फक्त ती मेलेली असावी लागत. स्वतःच्या चुलत भावांच्या मुलांची नावं त्याला सांगता येत नसत, पण न्यूयॉर्क राज्यातल्या कुठल्याशा ओढ्याकाठी चाकू घडवणाऱ्या कोल्विन बंधूंचे जावई कोण आणि ते कशाने गेले, हे तोंडपाठ होतं.

त्यापायी प्रमोदिनीनेही बरंच काही सोसलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा "अमेरिकेत जाऊन येऊ" असं तो आपणहून म्हणाला. तिने नवी साडी घेतली. नायगारा त्याने पुलावरून जाताना गाडीतूनच दाखवला आणि तिला थेट टर्नर्स क्रीक नावाच्या गावी नेलं. कोल्विन बंधू इंग्लंडातल्या शेफील्डहून आले ते इथे. एकोणीसशे अठ्ठावन्न सालापर्यंत कारखाना इथे होता, मग तो लिनहॅमला गेला आणि पात्यांवरचं गावाचं नावही बदललं, हे सगळं त्याने तिला एका औषधाच्या दुकानाच्या पार्किंग लॉटमध्ये उभं करून सांगितलं. कारखाना त्या पार्किंग लॉटच्या जागी होता. नंतर ते स्मशानात गेले. हे ज्ञान तिने मागितलं नव्हतं, पण घरात एकाला सर्दी झाली की दुसऱ्याला होतेच.

पाहुणे बरोबर वेळेवर आले. मिसिसागाहून कॉन्रॅड आणि लुर्डस, आणि त्यांचा जस्टिन, जो गेल्या वर्षभरात इतक्यांदा 'सहज' येऊन गेला होता की बूट कुठे ठेवायचे हे त्याला सांगावं लागलं नाही. कॉन्रॅड मूळचे वसईचे. मुंबईच्या बंदरात मालाचं क्लिअरिंग करायचे, वीस वर्षांपूर्वी इकडे आले आणि आता इन्शुरन्समध्ये होते. लुर्डसने मोठा डबा भरून फुग्या आणल्या होत्या.

"ताई, अंडं अजिबात घातलेलं नाही हां," तिने दारातच सुहासिनीला सांगितलं.

सुहासिनी हसली. तिने डब्यातल्या फुगलेल्या, सोनेरी गोळ्यांकडे पाहिलं आणि अंड्याशिवाय एवढं फुगणार नाही असा निकाल मनात देऊन टाकला. ती विनिपेगहून थँक्सगिव्हिंगच्या लाँग वीकेंडला आली होती. थँक्सगिव्हिंगला भावाकडे जावं असं तिला याआधी कधी सुचलं नव्हतं. "मुलगा चांगलाच असेल गं, पण चर्च?" हे ती प्रमोदिनीला फोनवर महिनाभर ऐकवत होती.

जेवणाला बसल्यावर तेच झालं. वडाभाताचं कौतुक झालं, यंदा थंडी लवकर पडणार यावर एकमत झालं, आणि मग कॉन्रॅडनी विषय काढला. लग्न जूनमध्ये, मिसिसागाच्या त्यांच्या चर्चमध्ये, फादरांशी बोलणं झालेलं आहे.

"आणि सप्तपदी?" सुहासिनीने विचारलं.

"तीही करू की. दुसऱ्या दिवशी, बँक्वेट हॉलमध्ये."

"दुसऱ्या दिवशी म्हणजे लग्न झाल्यावर."

"आत्या, we're doing both. It's fine," नवरी मुलगी अबोली म्हणाली.

"दोन्ही कराल गं. आधी कोणतं? एकदा चर्चमध्ये लागलं की मग आमच्याकडे जे होईल ते नाटकच ना?"

"तसंच उलट केलं तर आमचे लोक म्हणतील," लुर्डस म्हणाली. आवाज मऊ होता, पण तिने चमचा खाली ठेवला होता.

जस्टिन पोळीचे लहान लहान तुकडे करत राहिला. अबोलीने आईकडे पाहिलं. प्रमोदिनीने उल्हासकडे पाहिलं, कारण मुलीचा बाप म्हणून काहीतरी समजुतीचं बोलायची हीच वेळ होती. उल्हास लोणच्याच्या बरणीचं झाकण वाकडं बसलंय ते काढून सरळ बसवत होता.

शेवटी कॉन्रॅडनीच हवा बदलायची म्हणून कोटाच्या खिशात हात घातला. "उल्हासभाऊ, अबोली म्हणाली तुम्हाला अमेरिकन घडीच्या चाकूंचा नाद आहे. आमच्याकडे एकच आहे, पण त्याला गोष्ट आहे."

प्रमोदिनीने डोळे मिटले.

चाकू टेबलावर आला. हाडाची पिवळसर मूठ, तिच्यावर टाचणीने कोरावेत तसे आकडे: १९४४. कॉन्रॅड सांगू लागले. त्यांचे पपा तेव्हा मुंबईच्या गोदीत कामाला होते. चव्वेचाळीस साली गोदीत दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट झाला, त्या दुपारी ते तिथेच होते. धूर, आग, माणसं सैरावैरा पळताहेत, आणि एका पेटाऱ्याखाली एक अमेरिकन शिपाई पाय अडकून पडलेला. पपांनी तो पेटारा उचलला आणि त्याला खांद्यावर टाकून रस्त्यापर्यंत आणलं. त्या शिपायाकडे द्यायला दुसरं काही नव्हतं. त्याने खिशातला चाकू काढून पपांच्या हातात ठेवला. त्याचं नाव जस्टिन.

"हा झाला तेव्हा पपा वसईहून आम्हाला मुंबईला पत्रावर पत्रं पाठवत होते, नाव जस्टिनच ठेवा," कॉन्रॅड मुलाच्या पाठीवर हात ठेवत म्हणाले. "आम्ही इकडे आलो, त्याचं मूळही हाच चाकू. आमच्या घरात लहानपणापासून अमेरिका म्हणजे चांगल्या माणसांचा देश. व्हिसा कॅनडाचा मिळाला, ती गोष्ट वेगळी."

त्यांनी पातं उघडलं आणि चाकू टेबलावर फिरवला. तो प्रमोदिनीसमोर आला तेव्हा, बघायचं नाही असं ठरवूनही, तिची नजर पात्याच्या बुडाशी गेली. कोल्विन ब्रदर्स. त्याखाली बारीक अक्षरांत, लिनहॅम.

लिनहॅम म्हणजे अठ्ठावन्ननंतर. पार्किंग लॉटमधला तो सगळा तास तिला आठवला. आपल्याला हे कळलं म्हणजे उल्हासला ते टेबलाच्या पलीकडून कळलं असणार. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने चष्मा कपाळावर चढवला होता. लाइन थांबवायच्या आधी तो असाच करत असणार.

पण बोलली सुहासिनी.

"आमचे दीनानाथकाका त्याच गोदीत कारकून होते," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी डबा घेऊन गेले ते परत आले नाहीत. काहीच मिळालं नाही त्यांचं. मी जन्मले नव्हते तेव्हा. पण आजी मरेपर्यंत म्हणायची, एवढ्या मोठ्या गोदीत माझ्या पोराला हात देणारं कोणीच नव्हतं का." तिने पदराने डोळे टिपले. "म्हणजे होतं कोणीतरी. कोणाला तरी हात देत होतं."

लुर्डस उठली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. सुहासिनीने तिचा हात धरला. प्रमोदिनीने आपल्या नणंदेला असा कोणाचा हात धरताना कधी पाहिलं नव्हतं. स्वतःचा तर नव्हताच.

"चर्च आधी झालं तरी माझं काही नाही," सुहासिनी म्हणाली. "आता हे आपल्या घरचंच झालं." मग ती भावाकडे वळली. "उल्हास, तुला यातलं कळतं. नीट बघून सांग. अस्सल आहे ना?"

महिनाभर जिने हे लग्न मोडायचा प्रयत्न केला, ती आता ते जुळवायला बसली होती, आणि ते ज्या चाकूच्या जोरावर जुळत होतं तो नेमका उल्हासच्या हातात होता. प्रमोदिनीने टेबलाखालून पाय पुढे केला. तो जस्टिनला लागला. त्याने "सॉरी काकू" म्हटलं.

उल्हासने चाकू उजेडात धरला. पातं मिटलं, उघडलं, मुठीवरच्या आकड्यांवरून अंगठा फिरवला.

"कॉन्रॅडभाऊ," तो म्हणाला, "इतकी वर्षं मी चाकू गोळा करतोय. असा चाकू मी आजवर पाहिला नाही."

कॉन्रॅडचा चेहरा फुलला. अबोली उठून बापाच्या गळ्यात पडली, जे तिने दहावीनंतर केलं नव्हतं. प्रमोदिनीने फुगीचा एक तुकडा तोंडात टाकला आणि चव न कळताच गिळला. आपला नवरा चारचौघांत, डोळ्यांत डोळे घालून, सफाईने खोटं बोलला होता. तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याच्या मागोमाग काहीतरी खुपू लागलं होतं, त्याला नाव देता येत नव्हतं.

जेवणं झाल्यावर कॉन्रॅड म्हणाले, "तुमचं कलेक्शन तरी बघू."

"बेसमेंटमध्ये पाणी शिरलंय हो," प्रमोदिनी चटकन म्हणाली. तिला खोटं बोलायला वेळ लागत नसे. संसार चालवणारीला तो लावून चालत नाही.

"पाणी?" उल्हास म्हणाला. "कुठे? मी सकाळीच खाली गेलो होतो. कोरडं आहे."

दोघं खाली गेले. प्रमोदिनीने घाईने चहा केला आणि ट्रे घेऊन मागोमाग उतरली. शेवटच्या पायरीवर पोचली तर हिरवं कापड घातलेला सपाट ड्रॉवर उघडा होता, आणि कॉन्रॅड खाली वाकून त्यातल्या कोल्विनच्या चाकूंशेजारी आपला चाकू ठेवत होते. उल्हासने आपण होऊन काहीही उघडलेलं नव्हतं, हे तिला त्याच्या मागे बांधलेल्या हातांवरून कळलं.

कॉन्रॅडनी एक चाकू उचलला, ठसा वाचला. दुसरा उचलला. तिसरा. मग आपला. बंदरात ज्यांनी वर्षानुवर्षं माल सोडवला, त्यांना पेटीवरचं गाव वाचल्याशिवाय राहवत नाही.

"या सगळ्यांवर टर्नर्स क्रीक आहे."

"हो."

"माझ्यावर लिनहॅम. कारखाना दोन्हीकडे होता का?"

"नाही. आधी टर्नर्स क्रीक. मग लिनहॅम."

"मग म्हणजे कधी?"

"चहा गार होतोय," प्रमोदिनी म्हणाली.

उल्हासने तिच्याकडे पाहिलं. तिची विनवणी त्याला दिसली, हे तिलाही दिसलं. मग तो कॉन्रॅडकडे वळला.

"अठ्ठावन्न साली," तो म्हणाला.

कॉन्रॅड तिथल्या जुन्या सोफ्यावर बसले. चाकू त्यांच्या तळहातावर होता. वरून सुहासिनी आणि लुर्डसच्या बोलण्याचा आवाज येत होता. जूनमध्ये पाहुण्यांना उतरवायचं कुठे, यावर दोघी बोलत होत्या.

"आमच्या पपांची एक खोड होती," कॉन्रॅड म्हणाले. "वस्तू विकत आणली असं कधी म्हणायचे नाहीत. रेडिओ आणला तो कुठल्याशा पारशाने दिला. मम्मीची शाल बिशपनी दिली. मम्मी हसायची." त्यांनी पातं मिटलं. "म्हणजे उल्हासभाऊ, त्या दिवशी ते तिथे नव्हतेच का?"

आता हा माणूस काय बोलेल याचा तिला सत्तावीस वर्षांनंतरही अंदाज येईना.

"चाकू तेवढं सांगत नाही," उल्हास म्हणाला. "तो फक्त कुठे बनला तेवढं सांगतो. पहिला हरवला असेल, त्याच कंपनीचा दुसरा घेतला असेल. किंवा तसंही नसेल. कोल्विनच्या धाकट्या भावाचं मला वर्षभर वाटत होतं की तो आगीत गेला. निघाला न्यूमोनियाने. वस्तूवरून माणसाबद्दल बोलायचं मी आता सोडलंय."

कॉन्रॅडनी मान हलवली. चाकू त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि वरून खिसा चाचपला. "वर हे बोलायला नको," ते म्हणाले. "ताई आत्ताच कुठे..."

"मला कोणी विचारलं तर सांगावं लागेल," उल्हास म्हणाला.

"कोण विचारणार?"

उल्हासने विचार केला. "कोणीच नाही," त्याने कबूल केलं. "एवढ्या वर्षांत मला कारखाना कधी हलला असं आपणहून विचारणारे तुम्ही पहिले."

कॉन्रॅड हसले, आधी नाकातल्या नाकात आणि मग मोकळे. प्रमोदिनीने त्यांच्या हातात चहा दिला. तो खरंच गार झाला होता, पण त्यांनी तो चांगला झालाय म्हणून संपवला.

पाहुणे उन्हं असतानाच निघाले. दारात लुर्डसने सुहासिनीला मिठी मारली आणि सुहासिनीने उरलेल्या फुग्या ठेवून घेतल्या. गाडी वळल्यावर ती फोन घेऊन फॅमिली रूममध्ये बसली आणि विनिपेगला मुलाला सगळं सांगू लागली. तिच्या तोंडी आता त्या पपांनी शिपायाला बाहेर काढण्याआधी आणखी एका माणसाला हात दिला होता. मराठी माणूस होता तो, कारकुनासारखा दिसणारा.

स्वयंपाकघरात प्रमोदिनी भांडी विसळत होती आणि उल्हास पुसत होता. अबोली जस्टिनबरोबर गेली होती.

"बोललात हो सफाईने," प्रमोदिनी म्हणाली.

"काय बोललो?"

"असा चाकू आजवर पाहिला नाही म्हणालात. मला वाटलं नव्हतं तुम्हाला खोटं जमेल."

"खोटं काय त्यात?" उल्हास ताट पुसत म्हणाला. "अठ्ठावन्ननंतर तयार झालेला आणि चव्वेचाळीस साली भेट मिळालेला चाकू मी खरंच कधी पाहिला नव्हता."

प्रमोदिनी हसली. हसता हसता तिचे हात नळाखाली थांबले. मघापासून काय खुपत होतं ते तिला आता कळलं. ते वाक्य तिच्या ओळखीचं होतं.

नागपूरला, धरमपेठेतल्या घरी, उल्हास आईबरोबर तिला बघायला आला होता. बाबांनी आग्रह करून सगळ्यांबरोबर तिलाही बशी दिली होती. उल्हासने पोह्यांचा पहिला घास घेतला, वर पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला होता, "असे पोहे मी आजवर खाल्ले नाहीत." त्यानंतर सत्तावीस वर्षांत त्याने तिच्या कुठल्याही पदार्थाला खारट, कच्चं, बरं यांपलीकडचा शब्द दिला नाही. पण तिला कधी फारसं लागलं नव्हतं. ते एक वाक्य होतं ना जवळ.

"अहो."

"हं."

"आमच्याकडे बघायला आलात तेव्हा पोह्यांना काय म्हणाला होतात, आठवतंय?"

उल्हास काही विसरत नसे. त्याने हातातलं ताट दोन्ही बाजूंनी पुसलं, मग कडा पुसली.

"आठवतंय," तो म्हणाला.

"म्हणजे कसे होते?"

"मीठ नव्हतं. आणि साखर होती. पुष्कळ."

नळ वाहत राहिला. सुहासिनी बाहेर फोनवर म्हणत होती की देवाच्या मनात असलं की कशातूनही गाठ पडते.

"मग हो कशाला म्हणालात?" प्रमोदिनीने विचारलं.

"तूही समोर बसून तेच खात होतीस. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाहीस. मला वाटलं, हिच्याशी आपलं निभेल." त्याने ताट फळीवर ठेवलं. "त्या दिवशी घाबरली असशील. पुढे चांगले करायला लागलीस. पण ते तूच केले होतेस ना?"

ते तिने केले नव्हते. वहिनीने केले होते, सकाळीच दादाशी भांडण झाल्यावर. प्रमोदिनी तेव्हा शेजारी वेणी घालून घ्यायला गेली होती. 'सगळं आमच्या मुलीच्या हातचं,' असं बाबा परस्परच सांगून बसले होते. आणि तोंड वाकडं केलं नाही, कारण दाराआडून वहिनी बघत होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. कुठल्या मेलेल्या माणसाने कुठला चाकू घडवला हे शोधायला दिवस दिवस गाडी हाकणारा हा माणूस, पुसायचं फडकं हातात घेऊन उत्तराची वाट बघत उभा होता.

"आमच्या घरचेच होते," ती म्हणाली, आणि तिने पुढचं ताट त्याच्या हातात दिलं.